शुक्रवारपर्यंत दाढी

सुभेदारांनी परिपत्रकातला तिसरा मुद्दा वाचला आणि बुवाचा हात आपसूक दाढीकडे गेला.

पहिले दोन साधे होते. बाह्या कोपराच्या वर चार बोटं दुमडायच्या, केस कॉलरला टेकता कामा नयेत. तिसरा दाढीचा. विषारी वायूपासून बचावासाठी आलेले नवे मुखवटे केसांवर घट्ट बसत नव्हते, म्हणून आजवरच्या सगळ्या परवानग्या रद्द. शुक्रवारच्या तपासणीला एकाच्याही गालावर केस दिसता कामा नयेत.

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. तुकडीत दाढीवाला तो एकटाच होता. पूर्वी दोघं होते. बर्फातल्या चौकीवर गार पाण्याने वस्तरा कोण चालवणार, म्हणून दोघांनी एकदमच दाढ्या राखल्या आणि तुकडीने त्यांचं बारसं करून टाकलं: थोरले बुवा आणि धाकटे बुवा. खाली उतरला तो धाकटाच.

परेड सुटल्यावर तो सुभेदारांपुढे जाऊन उभा राहिला.

"सूट मिळणार नाही," सुभेदार आधीच म्हणाले. "जोडीदाराची आठवण म्हणून ठेवली आहेस, ठाऊक आहे मला. पण कायदा तो कायदा."

"आठवणीचं नाही, साहेब. आईचं आहे. तिला दिसत नाही. गालावर हात फिरवून ओळखते."

सुभेदारांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "समजावून सांग तिला. आयांना समजतं."

मग तो डॉक्टरांकडे गेला. वस्तऱ्याने पुरळ उठतं, एक चिठ्ठी द्या म्हणाला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, दाढी बाजूला सारून पाहिलं आणि हसले. "कातडी लोण्यासारखी आहे तुझी. काहीतरी वेगळी थाप मार."

बुधवारी दुपारी त्याने ताईला फोन लावला. ती आईसोबत राहायची, तिचं सगळं तीच करायची.

"ताई, दाढी काढावी लागणार."

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"मग काही दिवस येऊ नकोस," ताई हळूच म्हणाली. "कामगिरीवर गेलाय म्हणून सांगते."

"किती दिवस सांगणार? नियम कायमचा आहे."

"तिचं काळीज किती नाजूक झालंय, तुला माहीत आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, धक्का बसता कामा नये. तिचा हात गालावर गेला आणि…" पुढचं तिने गिळलं. "पण रविवारी तू आला नाहीस तर ती जेवणार नाही. तेही आहेच."

तुकडीचा न्हावी गुरुवारी त्याचीच वाट पाहत होता. त्याने चादर झटकली आणि वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला.

"मान सैल सोडा, बुवा. दाढी करतोय मी, मान नाही कापत. अहो, पुन्हा येईल की."

केसांचे पुंजके मांडीवर पडत गेले. आरशात हळूहळू एक निमुळती, पोरगेली हनुवटी वर आली. त्याने ती दोन बोटांत धरून पाहिली.

शुक्रवारची तपासणी सुरळीत पार पडली. शाबासकीसुद्धा मिळाली.

रविवारी सकाळी तो जिना चढला. ताईने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि नजर वळवली. तिच्या मुठीत गोळ्यांची बाटली होती.

आई खिडकीशी बसली होती. लोकरीचा गुंडा करत होती. पावलं ऐकून तिने गुंडा मांडीवर ठेवला.

"आलास?"

"हो, आई." त्याचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येईल इतका. बर्फात घसा बसला तो बसलाच, असं ताईने तिला सांगून ठेवलं होतं. तो बोलायचाही मोजकंच.

तो नेहमीसारखा तिच्या पायांशी बसला. नेहमीसारखा तिचा हात पुढे आला, गालाला लागला आणि जागच्या जागी थांबला.

"नवा नियम निघालाय," तो घाईघाईने म्हणाला. "सगळ्यांनाच काढावी लागली."

तिची बोटं गालावरून जबड्यावर उतरली, हनुवटीशी आली, पुन्हा वर कानापर्यंत गेली. सावकाश, घाई नसल्यासारखी. दारात ताईने बाटलीचं झाकण फिरवलं, तेवढाच काय तो आवाज.

"किती कोवळा आहेस रे," आई म्हणाली.

तिचा हात त्याच्या गालावरच होता. थरथरत नव्हता.

"जा गं, पाणी आण त्याच्यासाठी," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. ताई आत जाईपर्यंत ती थांबली. मग वाकून त्याच्या कानाशी बोलली.

"हिला कळू देऊ नकोस. मी बोलले तर तीच कोसळेल. माझा मुलगा बर्फातच राहिला, दोन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून दर रविवारी तू इथं असतोस. पुढच्या रविवारी तुझ्या आईकडे जा, बाळा."