दोन भिंगांची पेटी

"तुम्ही स्वतः एकदा बघा की, सहदेवराव." इंद्रभान साहेबांनी पेटी पुढे सरकवली.

"पाहतो ना साहेब. हात रंगाचे हायेत," सहदेव पेंटर म्हणाला आणि चहा ओतायला वळला. किटलीची तोटी कपाच्या काठावर टेकवून त्याने बेताने दोन कप भरले.

हे तिसऱ्यांदा झालं होतं.

साहेब भूगर्भशास्त्रज्ञ. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात वरवट बकालच्या शाळेत दोघांचं काम चाललं होतं. साहेब विहिरी मोजून आकडे काढायचे. सहदेव त्या आकड्यांवरून जमिनीच्या पोटाची चित्रं काढायचा, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन्ही जवळजवळ सारखी. पेटीच्या दोन भिंगांतून पाहिलं की ती एक व्हायची आणि कागदातून विहीर खरोखर खाली उतरायची. वर गोडं पाणी, तळाशी खारं.

गोजरबाई शाळा झाडायची. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टेबल घट्ट धरलं. "बाप्पा, पडलीच असती मी. कीर्तनात बुवा पाताळात नेते, तसं झालं."

सोमवारी वरचे अधिकारी पेटीत पाहून सात नव्या विहिरी कुठे आणि किती खोल, ते ठरवणार होते. दोन हात जास्त खणलं तर खारं पाणी लागणार आणि गाव जन्मभर तेच पिणार. चित्रांखाली सही साहेबांची.

शिपाई कारभारीने कान भरले. "त्याची बहीण सोनाळ्यात देल्ली हाये, साहेब. इथं खारं दाखवलं का विहिरी तिकडे. नाहीतर आपलंच काम पाह्याले काऊन भेते तो?"

साहेबांनी दोन जोड्या पट्टीने तपासल्या. जुळल्या. बाकीच्या अडतीस तपासायला वेळ कुठे होता? चित्रकार असून हा माणूस एकेक रेघ दोऱ्याने मोजून का काढतो, हेही त्यांना कळेना. कीर्तनात मात्र हाच पहिल्या रांगेत, डोळे मिटून डोलायचा. असा माणूस दगा देईल?

शनिवारी साहेबांनी मुद्दाम उजवं चित्र डावीकडे लावलं, डावं उजवीकडे. विहीर खाली जायची सोडून मनोऱ्यासारखी वर आली. पोरंसोरंही हसली असती.

"आज पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

सहदेवने हात पुसले. भिंगांना डोळे लावून बराच वेळ पाहिलं.

"बराबर हाये साहेब. मस्त खोल गेली विहीर."

"खोटं बोलताय. चित्रं मी उलटी लावली आहेत." साहेबांचा आवाज चढला नाही. "काय लपवताय? कोणासाठी?"

कारभारी दारात येऊन उभा राहिला.

"काम काढून घ्यान का, साहेब?" सहदेवने विचारलं.

"आधी ऐकू द्या."

सहदेवने चित्रं सरळ लावली आणि पेटी साहेबांकडे फिरवली.

"पाहा."

विहीर होती. खोल, थंड, तळाशी खाऱ्या पाण्याची रेघ जिथे हवी तिथेच.

"आता उजवा डोळा झाका."

साहेबांनी झाकला. विहीर गेली. समोर कागदावरचं नुसतं सपाट चित्र होतं.

"मले लहानपणापासून एवढंच दिसते," सहदेव म्हणाला.