पाणी नक्की कुणाला?

निवडणुकीच्या प्रचारात दुष्काळी म्हसवडला पुढारी दिग्विजयरावांनी धरणाचं पाणी आणायचा शब्द दिला, आणि उसाच्या पट्ट्यात त्यातला थेंबही बाहेर जाऊ न देण्याचा. दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

सांगलीच्या शेवटच्या सभेला मात्र दोन्हीकडची माणसं ट्रक भरभरून आली. माइकसमोर दिग्विजयरावांना दरदरून घाम फुटला.

"आवं सायेब, पानी नक्की कुनाला?" म्हसवडचे नाथाजी उठून म्हणाले.

"व्हय, आज सांगाच!" ऊसवाल्या आप्पासोंनीही री ओढली.

दिग्विजयरावांनी गंभीरपणे हात जोडले. "आधी आपल्या शहीद जवानांसाठी दोन मिनिटं उभे राहू."

दोघांचीही पोरं फौजेत होती. सगळा मंडप मुकाट उभा राहिला.

मौन संपलं तसं दिग्विजयरावांनी मोकळ्या गळ्यानं समारोपाचं राष्ट्रगीत सुरू केलं.