कसंतरी होतंय

पोटाच्या ऑपरेशननंतर कुमुद आठवडाभर परदेशातल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात होती. शेजारच्या दोन्ही खाटांवर चिनी म्हाताऱ्या होत्या आणि कुमुदचं इंग्रजी जेमतेम, त्यामुळे नर्सशी बोलायचं काम तिच्या नवऱ्याचं, दिगंबरचं. रोज संध्याकाळी ती म्हणायची, "अहो, कसंतरी होतंय." तो लगेच नर्सला इंग्रजीत सांगायचा, हिला मळमळतंय. आधी उलटीची गोळी झाली. तिनं भागेना, म्हणून सलाइनच्या नळीतून इंजेक्शन सुरू झालं. त्यानं तिचा डोळा लागला की दिगंबर निर्धास्त मनानं घरी जायला वुडलँड्सची एमआरटी ट्रेन पकडायचा.

आज नर्स नूरुल इंजेक्शन घेऊन आली आणि थांबली. "अंकल, आंटींना एकदाही उलटी झालेली नाही. जेवणही पोटात राहतंय. हे नेमकं कधी सुरू होतं ते विचाराल का? खाल्ल्यावर की औषध घेतल्यावर?"

डब्याची पिशवी खांद्याला लावलेला दिगंबर खाटेवर वाकला. "अगं, ही विचारतेय, तुला कसंतरी होतं ते कधी? नीट आठवून सांग. नाहीतर उगाच औषधं वाढवत बसतील."

"औषधांनी नाही होत हो."

"मग खाल्ल्यावर?"

"नाही."

"मग केव्हा, ते तरी सांगशील?"

कुमुदनं तोंड भिंतीकडे वळवलं. "तुम्ही ती पिशवी उचललीत की."