पांढरी खूण

सर्वो मोटर तपासण्याचं टेबल मांडायला तिला अख्खी सकाळ लागली. ड्राइव्ह, कंट्रोलर आणि दाबताक्षणी सगळं बंद पाडणारं तांबडं बटण, या सगळ्यांची प्रत्येक तार तिने दोनदा ओढून पाहिली. मोटर त्याच सीएनसी मशीनवरची होती, ज्यात अडकून तिचा दादा गेला.

त्या मशीनचं असंच तांबडं बटण सारखं काम अडवतं म्हणून फोरमनने तारेचा तुकडा जोडून ते निकामी केलं होतं. दादा गेल्यावर तार गायब झाली आणि चूक दादाच्या नावावर लागली.

दांडा किती फिरला ते कळावं म्हणून तिने मोटरच्या दांड्यावर पांढरी खूण केली आणि ती भिंतीकडे वळवून ठेवली.

फोरमन डोकावला. "नीट जोड गं. भावासारखा आगाऊपणा नको."

खूण भिंतीकडून हलली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली.

तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. खूणही त्याच्यामागोमाग फिरली, जराही आवाज न करता.

"चावटपणा करतेस?"

"मी कुठे काय केलं, साहेब?"

त्याने रागाने दांडा मुठीत धरला. दांडा थांबला नाही. त्याच्या शर्टाची बाही दांड्याभोवती सावकाश गुंडाळली जाऊ लागली आणि बाहीसोबत मनगटही वळू लागलं.

"बटण दाब! ताई, बटण दाब!"

आजवर तो तिला कधी ताई म्हणाला नव्हता. तिने खाली वाकून मोटरच्या वायरीचा प्लग उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"वीज अजून जोडलेलीच नाही, साहेब. बंद काय करू?"