बिनवासाचं घर

मनालीवहिनी लग्न होऊन खाडीकाठच्या आमच्या घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिनं पदर नाकाला लावला. पावसाळ्यासाठी माळ्यावर भरून ठेवलेल्या सुक्या मासळीचा वास तिला सोसेना.

"नमिता, तुमाला हा वास येत कसा नाय गो? मी एकदा माहेरी गेले ना, की परत नाय येणार!"

मी सायन्सला आहे. तिला समजावलं, "वहिनी, रोजचा वास नाक हळूहळू सांगायचं बंद करतं. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाय. तुमच्या गागोद्याच्या घरालापण असणारच."

"आमच्या घराला? कायतरीच!" म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भाताची आवणी उरकली. गौरी-गणपतीला, तीन महिन्यांनी, वहिनी माहेरी निघाली. सोबतीला मी. एसटीत मला कोपरानं ढोसत म्हणाली, "आता बघ, बिनवासाचं घर कसं असतं ते."

दारात तिच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. वहिनी उंबरा ओलांडून दोन पावलं आत गेली, थबकली, आणि तिचा पदर आपोआप नाकाशी गेला.

"आये, गोठा घराच्या भिंतीला कधी आणलास गो?"



"आणलास म्हणजे? तू जन्मायच्या आधीपासून तिथंच हाय तो."