जिभेची नोकरी

तिसऱ्या वाटीतला सॉस तिनं चमच्याच्या टोकावर घेतला, जिभेवर ठेवला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. काहीच कळलं नाही. गार आणि जरा चिकट लागलं, एवढंच.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या नाही, ताई," मालकीण म्हणाली. "गिऱ्हाईक साडेचारला येतंय. त्याच्या साठ दुकानांत आपला एकच सॉस जाणार. या तिन्हींपैकी कुठला, ते आत्ताच ठरायला हवं."

मालकीण तिशीची होती. वडील गेल्यावर कारखाना तिच्या गळ्यात पडला होता. टोमॅटोचा सॉस, मिरचीचा, मोहरीचा, शिवाय व्हिनेगर. वर्षभरात दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली होती. हे तिसरं तुटलं तर एकेचाळीस माणसं घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

ताई तीस वर्षं त्या खोलीत, त्याच स्टुलावर बसून माल चाखत होती. तिनं मान हलवल्याशिवाय कढईतला माल बाटलीत जात नसे. बारा वर्षांपूर्वी तिला तापानं गाठलं. पंधरा दिवसांनी उठली तेव्हा तोंडाची चव गेलेली. येईल हळूहळू, म्हणून तिनं वाट पाहिली. आली नाही. मीठ काय नि साखर काय, दोन्ही वाळूसारखी लागायची.

सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मुलीचं शिक्षण अर्ध्यात होतं. तिनं तोंडाला कुलूप घातलं आणि एक वाट काढली. रोजचा नमुना छोट्या बरणीत भरून ती घरी न्यायची. संध्याकाळच्या जेवणात नवऱ्याच्या ताटात उकडलेल्या बटाट्याशेजारी, कधी अंड्याशेजारी चमचाभर वाढायची आणि सहज विचारावं तसं विचारायची, "कसा झालाय आजचा?"

नवरा गाड्यांना रंग मारायच्या कामावर होता. माणूस मितभाषी. घास तोंडात घोळवायचा, तिच्याकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "आंबट जरा कमी हवं होतं," नाहीतर, "झकास जमलाय."

बरणी भरतानाच रंग नि दाटपणा बघून तिच्या मनात काहीतरी अंदाज यायचा. पण नुसत्या अंदाजावर माल सोडायची तिची छाती नव्हती. तो बोलला की जीव भांड्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर बसून, डोळे मिटून, ती त्याचंच वाक्य म्हणायची. बारा वर्षांत एकही पेटी परत आली नाही. म्हातारे मालक पाहुण्यांना सांगायचे, "यंत्राला फसवाल, आमच्या ताईला नाही."

नवऱ्यालाही तिनं खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याचा घास तोंडातच फिरला असता, आणि मग त्याला तरी चव कुठून कळणार?

आता सव्वातीन वाजले होते. बरणी घरी न्यायला वेळ नव्हता. कुठल्याही एका वाटीवर बोट ठेवून ती मोकळी होऊ शकली असती. तिनं उठून दार लावून घेतलं.

"मला चव कळत नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली."

मालकीण हसली. ताई हसली नाही, तेव्हा मालकिणीनं पेनाला टोपण लावलं.

"मग माल पास कोण करत होतं?"

"आमचे हे. घरी."

"बाबांना माहीत होतं?"

"कुणालाच नाही. यांनासुद्धा नाही."

मालकिणीनं तिन्ही वाट्या बाजूला सरकवल्या. "तुमचं काय करायचं ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी त्यांना बोलावून घ्या."

तासाभरात तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. बाहेरच्या बाकावर बसवून तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"म्हणजे तुला काहीच लागत नव्हतं?"

"पाण्यासारखं."

"एकदा तरी बोलायचंस."

"तुम्हाला कशाला घोर, म्हणून."

"घोर," तो म्हणाला. तो काही बोलणार, इतक्यात मालकिणीनं दार उघडलं.

"या काका. तुमच्यावरच आहे आता सगळं."

त्याला स्टुलावर बसवलं. समोर तीन वाट्या, पावाचे तुकडे आणि पाण्याचा पेला. त्यानं पहिल्या वाटीत पाव बुडवला, सावकाश चावला, पाणी प्यायला. मग दुसरी वाटी. मग तिसरी. कपाळावर घाम आला होता, तो त्यानं बाहीनं टिपला.

मालकीण पेन उघडून बसली होती. ताई भिंतीशी उभी होती. आपल्यामुळं त्याचं मन विचलित व्हायला नको, म्हणून तिनं मान खाली घातली आणि फरशीवर नजर लावली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"काका?" मालकीण म्हणाली.

"एक मिनिट," तो म्हणाला. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि बायकोच्या कानाशी वाकला.

"मान वर कर ना गं," तो कुजबुजला. "मला तरी कुठं चव कळते? इतकी वर्षं तुझं तोंड बघूनच तर सांगत आलोय."