सत्तावीस नंबरचा मजूर

“फक्त हो म्हणजा वहिनी. बाकी मी पाह्यतो,” प्रभाकरराव दबक्या आवाजात तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी शकुंतलाबाईंसाठी खुर्ची ओढली. पत्र्याच्या त्या साइट ऑफिसात पंखा भरभर फिरत होता, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता. आपल्या चुलत दिराला घाबरलेलं शकुंतलाबाई आज पहिल्यांदाच बघत होत्या.

टेबलापलीकडे रक्षा मॅडम बसल्या होत्या. वय जेमतेम तीस. इंटरनेटवर सामान विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीनं जाम गावच्या चौरस्त्याजवळ हे मोठं गोदाम बांधायला काढलं होतं. मॅडम त्या कंपनीचं टॅक्सचं काम बघत. २००९चा मार्च लागला होता. आर्थिक वर्ष संपायच्या आत एकेका पोटठेकेदाराला समोर बसवायचं, कागद तपासायचे आणि मगच बिल सोडायचं, असा त्यांचा खाक्या होता. दोन बनावट ठेकेदार त्यांनी कालच पकडले होते.

“शकुंतला कन्स्ट्रक्शनच्या मालक तुम्हीच?”

“हो.”

हिंगणघाटच्या बाजारात वांगी-टमाटर विकणाऱ्या शकुंतलाबाई ठेकेदार कशा झाल्या, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नवरा गेला, त्याच्या पुढल्या वर्षी प्रभाकररावांनी त्यांचा फोटो नेला, चार कागदांवर सह्या घेतल्या. प्रभाकररावांचा स्वतःचा जुना टॅक्स थकला होता, म्हणून वहिनीच्या नावानं पॅन कार्ड निघालं आणि फर्मही निघाली. बदल्यात ते शकुंतलाबाईंच्या लेकीची, अंकिताची, वर्ध्याच्या नर्सिंगची फी भरत. शकुंतलाबाईंना ते उपकारच वाटत आले होते.

“मजूर किती?”

“चाळीस.” हेही गाडीत पढवलेलं.

मॅडमनी मजुरांची यादी उलगडली. “हे बघा बाई, मजुरी जास्त दाखवली की नफा कमी दिसतो आणि टॅक्स वाचतो. म्हणून लोक खोटी नावं घुसडतात. ही यादी खरी आहे, अशी सही तुम्हाला करायची आहे. उद्या खोटी निघाली तर नोटीस तुमच्या घरी येईल. यांच्या नाही.”

 शकुंतलाबाईंनी मागे वळून पाहिलं. प्रभाकररावांनी हसत पेन पुढे केलं.

“करा वहिनी सही. सोमवारी पोरीची फी भराची हाय ना?”

शकुंतलाबाईंनी पेन घेतलं. ते कागदाला टेकणार, तोच मॅडमचं बोट यादीवर आलं.

“एक मिनिट. फर्म २००६ची. मग हा सत्तावीस नंबरचा मजूर २००५पासून कामावर कसा?”

यादी घाईत झाली होती. प्रभाकररावांनी जुन्या रजिस्टरातली नावं तारखांसकट उतरवली होती. पण ते अडणारे गडी नव्हते; नाव न बघताच बोलून गेले.

“जुना माणूस हाय मॅडम. फर्मच्या आधीपासून माह्याकडेच. जिनिंगच्या शेडचं काम केलं ना आमी, तई रोज येत होता. एक खाडा नाई त्याचा. विचारा कोणालेही!”

शकुंतलाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. वहिनी यादी वाचतील, हे प्रभाकररावांच्या मनातही नव्हतं. शकुंतलाबाईंनी कागद आपल्याकडे फिरवला. सत्तावीस. वासुदेव महादेव झाडे. पुढे मागच्या महिन्याची मजुरी आणि अंगठा.

त्यांच्या नवऱ्याचं नाव.

कापसाच्या जिनिंगच्या त्याच शेडची भिंत कोसळली, तेव्हा वासुदेवराव तिच्याखाली सापडले होते. ते कधी आपल्या भाजीच्या वाडीत राबत, कधी प्रभाकररावांच्या कामावर जात. त्या सकाळी कुठं निघालो, ते सांगून गेले नव्हते. शकुंतलाबाईंनी लेबर ऑफिसात भरपाईचा अर्ज केला. तेव्हा प्रभाकररावांनी तिथल्या साहेबासमोर शपथेवर सांगितलं, की वासुदेव आमच्या कामावर नव्हताच, त्या दिवशी सहज भेटायला आला होता. रजिस्टर मागितलं तर म्हणाले, रजिस्टर ठेवलंच नाही. दोन तारखांत अर्ज फेटाळला गेला. शकुंतलाबाईंनी नशिबाला बोल लावला, दिराला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, भाऊजी आता जे बोलले ना, ते लिवून घ्या.”

“काऊन? काय बोलून राह्यल्या वहिनी तुमी?” प्रभाकरराव पुढे झाले. मग वहिनीचं बोट कुठल्या नावावर आहे ते त्यांना दिसलं, आणि ते जागीच थांबले.

“तुम्ही ओळखता यांना?” मॅडमनी विचारलं.

“माह्ये मालक होते. त्याच शेडच्या भिंतीखाली गेले. चार वर्षं होत आले.”

मॅडमनी वाकून ते नाव पुन्हा वाचलं. प्रभाकरराव खिडकीबाहेर बघत राहिले.

“बाई,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “बिल तर आजच थांबेल. पण फर्म तुमच्या नावावर आहे. चौकशी लागेल, दंड होईल, आणि पहिली नोटीस तुम्हालाच येईल. अजून तुम्ही नुसतं बोललात, लिहून काही दिलेलं नाही. नीट विचार करा.”

शकुंतलाबाईंना सोमवार दिसला. वसतिगृहाच्या दारात उभी अंकिता दिसली.  त्यांनी पेन उचललं, सत्तावीस नंबरची २००५ची नोंद तशीच ठेवून नावापुढे ‘मयत’ असं लिहिलं, मरणाची तारीख घातली आणि खाली मालकाच्या जागी पूर्ण सही केली. मग कागद मॅडमकडे सरकवला.

“येऊ द्या नोटीस,” त्या म्हणाल्या. “त्यात माह्ये मालक शेडच्या कामावर होते, असं लिवलं राहीन ना?”